राळ बंद करणारा मिस्त्री

मिस्त्री माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो एवढंच, "हात काढ." त्यानंतर आठ दिवस बोलला नाही. मग पुन्हा बोलला, तेही "हात काढ" एवढंच.

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी राळ टाकायच्या कामावर होते. हे काम आता कुणाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. तूर खालून वर न्यायला मिलमध्ये एक उभा पट्टा होता, त्याला लोखंडी डबे लावलेले. वरचा ड्रम मोटरीवर फिरायचा, तो पट्ट्याला ओढायचा, आणि पट्टा खालच्या ड्रमला फिरवायचा. पट्टा घसरायला लागला की वरचा ड्रम नुसताच फिरे, डबे जागेवर थांबत, खाली तुरीचा ढीग होई आणि मिल बंद पडे. त्यासाठी एक बाई ठेवलेली असे. तिने राळ कुटून बारीक करायची, आणि पट्टा कुरकुरला की माळ्यावर चढून ड्रम आणि चालत्या पट्ट्याच्या मधे मूठभर फेकायची. राळ चिकट. पट्टा ड्रमला धरायचा. तासाभराने पुन्हा घसरायचा. पुन्हा मूठ.

माझ्या आधीच्या बाईची दोन बोटं त्यात गेली, म्हणून ती जागा रिकामी झाली. मला ते सांगून ठेवलं होतं. तरी गेले. दुष्काळाचं साल होतं. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात बायका विहिरीच्या तळाला उतरून वाटीने घागर भरत होत्या. नवरा खडी फोडायच्या कामाला गेला, तिथून आणखी कुठे गेला, आणि परत आला नाही. पदरात दोन पोरी होत्या. माणसाला बोटं दहा असतात, एवढा विचार मी केला आणि कामाला लागले.

त्याच महिन्यात मिस्त्री आला. नांदेडच्या एका कापड गिरणीत वीस वर्षं पट्टे सांभाळलेला माणूस. वय पन्नासच्या आसपास, अंगाने वाळका, आणि अंगात खाकी हाफपँट. शाळेतल्या पोरासारखी. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीने विचारलंच, "मिस्त्री, कपडा कमी पडला का हो?"

"कपडा हाय," तो म्हणाला. "पट्ट्यानं खावं असं त्याला काय ठेवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं. पदर खोचा, केस बांधा, काचेच्या बांगड्या वर सारा. ज्या कुरकुरल्या त्यांना सरळ दार दाखवलं. गोडीने सांगणं त्याला येतच नव्हतं. माणसांशी तो असा बोलायचा की शत्रूशीही कुणी बोलू नये, आणि पट्ट्यासमोर मात्र तासन् तास गप्प उभा राहायचा. चप्पल काढून, फळीवर अनवाणी. आम्हाला वाटलं, पूजा करतो की काय. नंतर कळलं, ड्रमचा थरथराट तो टाचेने ओळखायचा.

डाळ मिलमध्ये राहून तो वरण खात नसे. दुपारी डबा उघडला की ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. "डाळ दिवसभर नाकात जातीच की," म्हणायचा, "पोटात कशाला घालू?"

त्याचं ज्ञान किती मोठं होतं ते मला मोजता येणार नाही. मी चौथी शिकलेली. पण पट्टा का घसरतो हे मला त्याच्यासारखं कुणी समजावून दिलं नाही. लोकांना वाटायचं, पट्टा घसरला की आवळा. मुनीमजी स्वतः पाना घेऊन आवळायचे. मिस्त्री म्हणायचा, आवळणं ही आळशाची दुरुस्ती. जास्त आवळलं की पट्टा ताणून मरतो आणि त्याच्याबरोबर बेअरिंग मरतं. घसरायचं कारण वेगळंच असतं. आमच्याकडे ते तुरीतच होतं. तूर भरडायच्या आधी तिला तेलाचा हात लावून उन्हात वाळवतात. शेठला घाई. एक ऊन दिलं की तूर पट्ट्यावर. तिच्या अंगचं तेल पट्ट्याला, पट्ट्याचं ड्रमला. त्या तेलावर मी राळ टाकायची, राळेवर भुसा बसायचा, आणि ड्रमवर खरूज धरल्यासारखी खपली चढायची. खपली एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. मग पट्टा वाकडा पळायचा.

"राळ म्हंजे पट्ट्याला दारू पाजणं हाय," तो शेठला म्हणाला. "आज एक पेला, उद्या दोन. अन् पाजणारी बाई कोण, तर ही."

ही म्हणजे मी.

त्याने मिल दोन दिवस बंद ठेवली. शेठ ओरडत होता. मिस्त्रीने ड्रम खरवडून पांढरा केला. मग ड्रमवर जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे घट्ट ठोकून बसवले, खरखरीत बाजू वर ठेवून. खालच्या ड्रमचे ताण द्यायचे दोन बोल्ट होते. ते त्याने एकेक फेरी मोजत फिरवले, डावीकडे जितक्या तितक्याच उजवीकडे. दोरा लावून दोन्ही ड्रम सरळ रेषेत आहेत का पाहिलं. आणि शेठला सांगितलं, तुरीला दोन उन्हं द्यायची. तो स्वतः दाणा दाताखाली फोडून बघायचा. मऊ लागला तर पोतं परत अंगणात.

पट्टा घसरायचा थांबला. तास नाही, दिवस नाही, चार दिवस. मी खलबत्ता पुढ्यात घेऊन बसून राहिले. चौथ्या दिवशी मुनीमजी माझ्यासमोरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा खलबत्त्याकडे बघून गेले. मला काय ते कळलं.

आता मी जे केलं ते सांगते. पाचव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी तुरीला लावायचं तेल वाटीत घेतलं, माळ्यावर चढले आणि पट्ट्याच्या आतल्या अंगाला ओतलं. जेवणानंतर मिल सुरू झाली, आणि पट्टा असा घसरला की धूर निघाला. मी राळ घेऊन धावले. मुनीमजी म्हणाले, "बघा, बाई पाहिजेच."

मिस्त्री वर चढला. मला म्हणाला, "हात काढ." मोटर बंद केली, ड्रमवर बोट फिरवलं, बोट हुंगलं, मग जिभेला लावलं.

"जवसाचं," तो म्हणाला. "तुरीला लावायचं. खालचं तेल इतक्या वर कसं आलं? चालत आलं का?"

मी हातातली राळ खाली ठेवली.

"किती घातलंस?"

"वाटीभर."

"आर्ध्या वाटीत काम झालं असतं," मिस्त्री म्हणाला. "तेल वाया घालवलंस."

मला रडू आलं नाही. राग आला. मी म्हटलं, "मिस्त्री, तुमचा पट्टा नीट चालला तर माझ्या पोरी काय खातील? तुमी सांगा."

त्याने पट्ट्याचा जळका तुकडा कापून काढला, जोड मारला, आणि तो तुकडा घेऊन खाली गेला. त्याच्या खोलीत भिंतीला खिळे होते, आणि प्रत्येक खिळ्यावर जळक्या किंवा फाटक्या पट्ट्याचा एकेक तुकडा. तो कुणी विचारलं तर दाखवायचा. हा शेठचा, ओली तूर चढवली तेव्हाचा. हा मुनीमजीचा, आवळला तेव्हाचा. मधोमध सगळ्यांत मोठा तुकडा होता, तो "माझा" म्हणायचा. नांदेडला त्याने एकदा घाईत एकाच बाजूचा बोल्ट फिरवला होता. पट्टा सरकून सुटला आणि एका कामगाराचा खांदा कायमचा गेला. हे तो अगदी सरळ सांगायचा. कपाळाला हात लावायचा नाही, उसासा टाकायचा नाही. "तवापासून म्या मोजतो," एवढंच.

माझा तुकडा त्याने मोकळ्या खिळ्यावर लावला. "ह्यो तुझा."

"शेठला सांगणार?"

"शेठला पट्ट्यातलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी तो शेठपुढे उभा राहिला आणि म्हणाला, राळवाली बंद करा, ऐकणारी ठेवा. शेठ हसला. ऐकायला पगार? मिस्त्री म्हणाला, जो राळ टाकायला देता तोच. शेठ म्हणाला, आणि ऐकणार कोण? मिस्त्रीने माझ्याकडे बोट केलं. "तिला पट्टा कसा घसरवायचा ते येतं. दुसऱ्या कुणाला तेवढं बी येत न्हाई."

ऐकायचं काम असं होतं. दोन्ही ड्रम एकाच मापाचे. दोन्हींच्या कडेला त्याने पत्र्याची एकेक जीभ बसवली. ड्रमची एक फेरी झाली की जीभ एका गजावर आपटायची. वरची टण वाजायची, खालची ठक. पट्टा नीट असला की टण आणि ठक जोडीने पडायचे. घसरायला लागला की वरचा ड्रम पुढे जायचा आणि जोडी फुटायची. फुटत फुटत पुन्हा एकत्र यायची, की समजायचं वरचा ड्रम एक फेरी फुकट फिरला. त्या दोन भेटींच्या मधे वरच्या किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं. शंभर झाल्या तर शंभरात एक, चालू दे. तीस झाल्या तर मिस्त्रीला हाक मार. दहा झाल्या तर बंद. मी दिवसभर मोजत असे. भाकरी थापताना घरीसुद्धा मोजत असे. पोरी म्हणायच्या, आई कुणाशी बोलतीस?

बोलता बोलता वर्षं गेली. माझी दहाही बोटं अजून जागेवर आहेत, आणि त्या मिलमध्ये मिस्त्री आल्यानंतर कुणाचंच बोट गेलं नाही. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, आणि शेठने कधी मोजलं नाही. मिस्त्री शेवटी नांदेडला लेकीच्या घरी वारला. कळलं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. मी गेले नाही. जाऊन कुणाला भेटणार होते?

पण त्याचं खरं रूप सांगायचं तर लातूर जिल्हा झाला त्या वर्षाचं सांगायला पाहिजे. तोवर साध्या कागदाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. जिल्हा झाला तसा गावात नुसता गुलाल. रोज एक कमान, रोज एक उद्घाटन. आमच्या शेठलाही वाटलं, आपल्याकडे नव्या जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाचे पाय लागावेत. त्याने नवं दुमजली गोदाम बांधलं होतं. डाळीच्या गोण्या अंगणातून वरच्या मजल्यावर न्यायला लांब, चढाचा पट्टा बसवला; मोटरीचा ड्रम खाली अंगणात, आणि दोन्ही ड्रमांना मिस्त्रीच्या टण-ठकच्या जिभा. साहेब येणार, बटण दाबणार, गोण्या आपोआप वर जाणार.

चढाच्या पट्ट्याचं एक वाईट असतं. भरलेला असताना तो ड्रमवरून पार घसरला, तर नुसता थांबत नाही, गोण्यांच्या वजनाने उलटा पळतो. ते होऊ नये म्हणून त्याला एक अडकण लागते. ती हैदराबादहून यायची होती. मिस्त्रीने सांगितलं होतं, अडकण येईस्तोवर माल चढवायचा नाही. शेठने मान हलवली होती.

मिस्त्री दोन दिवस नांदेडला गेला, लेकीच्या बाळंतपणाला. कार्यक्रमाच्या सकाळी एसटीने परत आला आणि बघतो तर नव्या ड्रमला तेलाचा लाल रंग. रबराचे तुकडेसुद्धा रंगवलेले. चमकत होते. वर पिवळ्या अक्षरात शुभ लाभ.

मिस्त्रीने पिशवी ठेवली नाही. मोडका विळा घेतला आणि खरवडायला बसला.

शेठ धावत आला. "मिस्त्री, साहेब येऊन राहिले अन् तुम्ही हे काय करून राहिलात?"

"शेठ, ह्यो ड्रम हाय का नवरी?"

"एक दिवस चालू द्या हो. दहा गोण्या फक्त. साहेब बटण दाबतील, गोण्या जातील, चहा होईल, संपलं."

"रंगावर पट्टा धरत न्हाई. अडकण बी न्हाई. धा गोण्या खाली आल्या तर कुणाच्या डोक्यावर घेणार?"

शेठने त्याच्या पायांकडे बघितलं. "अन् ही चड्डी. आज तरी पायजमा घाला. माणसं काय म्हणतील?"

"पायजमा पट्ट्यात जातो."

"मग बाहेर बसा. साहेब जाईपर्यंत आत दिसू नका."

मिस्त्री विळा टेकवून उठला. फाटकाकडे जाताना माझ्याजवळ थांबला, आणि म्हणाला, "चढाचा बंद करायचा तर नुसतं बटण दाबायचं न्हाई. आधी माल थांबव. मग माणसं हलव. मग बटण." आणि बाहेर जाऊन दगडावर बसला.

शेठ माझ्याकडे वळला. "तू बटणापाशी उभी राहा. काय बी झालं तरी साहेब असेस्तोवर बंद करायचं नाही. बंद केलंस तर उद्यापासून येऊ नको. खोली पण रिकामी कर." मी राहत होते ती खोली मिलचीच होती. थोरली दहावीला होती, धाकटी आठवीला. दुसरं छप्पर मला नव्हतं.

साहेब आला. तरुण होता, चष्मेवाला, गळ्यात हार घेऊन घामाघूम. आधी नारळ फोडायचा होता. आम्ही बौद्ध, आमच्यात तो फोडत नाहीत, तेव्हा मला त्याचं कौतुक नव्हतं. पण दगडावर फोडला असता तर माझी काही हरकत नव्हती. शेठच्या भावाने तो ड्रमच्या लोखंडी चौकटीवर फोडला. पाणी सगळं ड्रमवर. वर तेलात कालवलेला शेंदूर. टाळ्या झाल्या. साहेबाने बटण दाबलं आणि फोटोसाठी पट्ट्याच्या खालच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

पहिल्या दोन गोण्या छान गेल्या. टण आणि ठक जोडीने. तिसरीला जोडी फुटली. मी मोजलं, पस्तीस. हमाल गोण्या टाकतच होते. पुढची भेट वीसाला. मग चौदाला. मग दहाला.

दहाला मी थांबवायला पाहिजे होतं. थांबवलं नाही. शेठ माझ्याकडेच बघत होता, आणि मला खोलीचं कुलूप दिसत होतं.

आठाला मी ओरडले, "गोणी थांबीव!" हमाल थांबला. मी पट्ट्याच्या तोंडाकडे धावले. "ए साहेब, सरक तिकडं! सरक!" त्याला वाटलं फोटोसाठीच सांगतेय, तो हसत एक पाऊल सरकला. मी त्याचा हार धरला आणि ओढला. आरतीवाल्या दोन बायका माझ्या आवाजानेच पळाल्या. पट्टा वर एक क्षण थांबल्यासारखा झाला आणि उलटा सुटला. पाच गोण्या एकामागे एक त्याच जागी येऊन फुटल्या. घोट्यापर्यंत डाळ. रंग जळल्याचा वास. मग मी परत जाऊन बटण बंद केलं.

कुणाला खरचटलंही नाही. साहेबाचा हार तेवढा तुटला.

चष्मा पुसून साहेब म्हणाला, "इथले मिस्त्री कोण आहेत?"

शेठ म्हणाला, "जी, ते रजेवर..."

"भायेर बसलाय," मी म्हटलं. "शेठनं बसवलाय. चड्डी घालतो म्हणून."

साहेबाने बोलावणं पाठवलं. मिस्त्री आला. नमस्कार नाही, काही नाही. डाळ तुडवत सरळ ड्रमपाशी गेला, तळवा ठेवला, बोट हुंगलं. मग मला विचारलं, "किती?"

"आठात एक."

"तुला किती सांगितलं व्हतं?"

"धा."

"मग आठ कुठून आले? धा म्हंजे धा."

साहेब मधे पडला. "अहो, या बाईंनी तर माझा जीव..."

"तुमी थांबा, साहेब," मिस्त्री म्हणाला. "तुमाला आकडा ठाऊक न्हाई."

साहेब थांबला. खरंच थांबला. नव्या जिल्ह्याचा एवढा मोठा अधिकारी, हाफपँटीतल्या माणसाने थांबा म्हटल्यावर हात मागे बांधून उभा राहिला आणि मिस्त्री मला झाडत होता ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

गाड्या गेल्यावर शेठ माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही. "मी काय बोललो होतो ते ध्यानात आहे ना?" मी म्हटलं, आहे. खोली रिकामी करायला त्याने आठ दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला फाटकावर गेले. दहा वर्षांची सवय, आणि दुसरीकडे जाणार कुठे? वॉचमनने हात आडवा केला. "बाई, शेठनं न्हाई म्हणलंय." मी उभी राहिले. अंगणात फुटक्या गोण्या तशाच पडल्या होत्या आणि वर आभाळ भरून आलं होतं.

मिस्त्री आतून आला. हातात दोन विळे. "उशीर केलास."

"मला आत घेत न्हाईत."

शेठ ऑफिसच्या पायरीवर उभा होता. मिस्त्रीने तिथूनच हाक मारली. "शेठ, अडकण परवा येतीया. म्या एकटा रंग काढंन तर चार दिस. दोघं काढू तर दोन. आभाळ आलंय. डाळ वर न्यायची का भिजवायची?"

शेठने आभाळाकडे बघितलं, गोण्यांकडे बघितलं, मिस्त्रीच्या हाफपँटीकडे बघितलं, आणि आत गेला. वॉचमनने हात खाली घेतला. खोलीचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

रंग निघायला तीन दिवस लागले. मिस्त्रीचा आकडा चुकलेला मी तेवढाच बघितला, आणि तसं त्याला तोंडावर सांगितलं.

"आकडा बरोबर व्हता," तो म्हणाला. "तू हळू खरवडलंस."